उंदराने खरोखर किती खाल्ले? प्रयोगशाळेतील उंदरांच्या आहारवर्तनाचा अभ्यास कसा करावा

सायंकाळी खाद्याची जाळी भरली, सकाळी उरलेल्या खाद्याचे वजन केले, वजाबाकी केली आणि आलेला आकडा ‘उंदराने खाल्लेले अन्न’ म्हणून वहीत लिहिला, एवढ्यावर आहारवर्तनाचा अभ्यास झाला असे मानणारे अनेक प्रबंध माझ्या हाताखालून गेले आहेत. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रयोगातही मी नेमके हेच केले होते. त्या वजाबाकीतून जाळीतून किती खाद्य नाहीसे झाले एवढेच कळते. ते उंदराच्या पोटात गेले, कुरतडले जाऊन भुशात पडले, की मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्यातले पाणी उडून गेले, हे त्यातून कळत नाही. ‘नाहीसे झाले’ आणि ‘खाल्ले’ या दोन आकड्यांमधले अंतर कसे कमी करावे, हा या लेखाचा विषय आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील औषधनिर्माणशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे जे विद्यार्थी पदव्युत्तर किंवा पीएच.डी.च्या कामासाठी प्रथमच उंदरांवर प्रयोग करणार आहेत, ते डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी शब्दाचा एक घोळ दूर केला पाहिजे. मराठीत माउस आणि रॅट या दोन्ही प्राण्यांना आपण उंदीरच म्हणतो. येथे उंदीर म्हणजे माउस, म्हणजे प्रौढपणी साधारण २० ते ३० ग्रॅम वजनाचा आणि दिवसाला ३ ते ५ ग्रॅम कोरडे खाद्य खाणारा लहान प्राणी. रॅटवर ठरवलेले आकडे, उपाशी ठेवण्याचे तास किंवा औषधाची मात्रा त्याच्यावर जशीच्या तशी लावता येत नाही. ज्या प्राण्याचा दिवसभराचा आहारच ४ ग्रॅम आहे, त्याच्या बाबतीत अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे आहाराच्या आठव्या हिश्श्याची चूक होते.

परवानगी आणि प्राण्यांची खरेदी

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालील १९९८ च्या नियमांनुसार संस्थेची नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी असल्याशिवाय एकाही उंदरावर प्रयोग करता येत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी, पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जाणारी केंद्रीय समिती आता सीसीएसईए या नावाने काम करते आणि तिचा प्रतिनिधी संस्थेच्या समितीवर असतो. अर्ज ‘फॉर्म बी’मध्ये करावा लागतो. आहाराच्या अभ्यासात समिती हमखास तीन प्रश्न विचारते: उपाशी किती तास ठेवणार, एकेकट्या पिंजऱ्यात किती दिवस ठेवणार, आणि वजन किती टक्क्यांनी घटल्यावर प्रयोग थांबवणार. या तिन्हींची उत्तरे अर्जात आधीच लिहिलेली असली, तर बैठक लवकर आटोपते. प्राणी नोंदणीकृत पैदास केंद्राकडूनच घ्यावेत आणि आल्यावर किमान एक आठवडा विलग ठेवावेत. पुण्या-मुंबईहून रस्त्याने आलेला उंदीर पहिले दोन-तीन दिवस कमी खातो आणि त्याचे वजनही घटलेले असते. त्या दिवसांच्या नोंदी तब्येतीवर लक्ष ठेवण्यासाठी घ्याव्यात, अभ्यासासाठी नव्हे.

जात कोणती घ्यावी हे प्रश्नावर अवलंबून असते. आपल्याकडे सहज मिळतात ते स्विस अल्बिनो उंदीर. ते आनुवंशिकदृष्ट्या एकाच साच्यातले नसल्यामुळे त्यांच्या खाण्यात व्यक्तिगत फरक अधिक दिसतो. स्थूलतेच्या अभ्यासात सी-५७ ब्लॅक-६ हा अंतःप्रजनित (जवळच्या नात्यात पैदास करून एकसारखा केलेला), काळा उंदीर जगभर वापरला जातो, कारण स्निग्ध आहारावर तो खात्रीने जाडा होतो.

प्राणीगृह: खानदेशात अर्धा प्रयोग येथेच बिघडतो

उंदराच्या खाण्यावर तापमानाचा थेट परिणाम होतो. आपल्याला सुखद वाटणारे २२ अंश तापमान उंदराला थंड असते. शरीर गरम ठेवण्यासाठी त्याला जास्तीची ऊर्जा खर्च करावी लागत नाही असे तापमान त्याच्या बाबतीत साधारण ३० अंशांच्या आसपास येते, त्यामुळे खोली जसजशी उबदार होते तसतसे त्याचे खाणे कमी होते. मार्गदर्शक तत्त्वे प्राणीगृहासाठी १८ ते २९ अंशांची मुभा देतात. प्राणी सुखरूप ठेवण्यासाठी ती ठीक आहे, पण आहाराच्या अभ्यासासाठी ती फारच सैल आहे. येथे एक तापमान ठरवावे आणि ते एक-दोन अंशांच्या वर ढळू देऊ नये.

एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४३-४४ अंशांवर असताना हे लिहिणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. अशाच एका मे महिन्यात आमच्या एका प्रयोगाच्या रात्री वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही आणि पहाटेपर्यंत वातानुकूलन बंद राहिले. सकाळी औषध दिलेल्या गटाचे खाणे औषध न दिलेल्या नियंत्रण गटापेक्षा ठळकपणे कमी दिसले आणि विद्यार्थ्याचा चेहरा खुलला. नंतर लक्षात आले की त्याने औषधाच्या गटाचे सगळे पिंजरे सोयीसाठी मांडणीच्या वरच्या कप्प्यात, छताजवळ ठेवले होते, आणि नियंत्रण गटाचे खाली, फरशीजवळ. वरचे उंदीर उकाड्याने कमी जेवले होते. तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. पिंजऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, आणि कमाल-किमान तापमापक वरच्या तसेच खालच्या कप्प्यात ठेवून दोन्ही आकडे रोज सकाळी रजिस्टरमध्ये लिहायचे. ज्या रात्री वीज गेली असेल ती रात्र सर्वच गटांच्या नोंदींतून वगळायची, फक्त ‘नको त्या’ गटाच्या नोंदींतून नाही. शक्य असेल त्याने आहाराचे प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच लावावेत.

प्रकाशाचे चक्र १२ तास उजेड आणि १२ तास अंधार असे, घड्याळाच्या स्विचवर चालणारे असावे. उंदीर निशाचर आहे आणि दिवसभराच्या खाण्यापैकी बहुतांश, साधारण ७० ते ८० टक्के, तो अंधारात खातो. त्यामुळे खरी नोंद रात्रीचीच असते आणि नेमकी तेव्हाच खोलीवर कोणाची नजर नसते. दाराखालच्या फटीतून येणारा व्हरांड्यातला उजेड, इन्व्हर्टरचा दिवा, रखवालदाराची बॅटरी, हे सगळे अंधाराचे तास बिघडवतात. अंधार सुरू झाल्यावर स्वतः खोलीत जाऊन, दार लावून, दहा मिनिटे उभे राहावे. डोळे सरावल्यावर पिंजऱ्यांवरची अक्षरे वाचता आली, तर उजेड जास्त आहे असे समजावे. रात्री काम करणे जमणार नसेल, तर चक्र उलटे करून सकाळी अंधार आणि रात्री उजेड असे लावता येते. मात्र त्याची सवय होण्यासाठी उंदरांना किमान दोन आठवडे द्यावे लागतात. अंधारात काम करताना मंद लाल दिवा वापरावा, कारण लाल प्रकाश उंदराला फारच कमी जाणवतो.

आवाजाविषयी एवढेच सांगतो की गणपतीची मिरवणूक, दिवाळीचे फटाके आणि लग्नसराईतला डीजे यांच्या तारखा आधीच पंचांगात पाहून प्रयोगाचे आठवडे ठरवावेत. श्रावणात कानबाईच्या सणासाठी प्राणीगृहाचा परिचर गावी जाणारच, हेही गृहीत धरावे. बदली माणसाच्या हाताचा वास आणि पिंजरा उचलण्याची पद्धत वेगळी असते, आणि उंदराला ती कळते. पुरुष प्रयोगकर्त्यांच्या गंधाने उंदरांत ताणाची प्रतिक्रिया उमटते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवले गेले आहे. एका प्रयोगात मोजणारा माणूस एकच असावा. ते शक्य नसेल, तर निदान प्रत्येक गटाला दोघांचेही हात सारख्या प्रमाणात लागावेत.

आता पिंजऱ्यातील भुसा. आपल्या भागात मका भरपूर, म्हणून दाणे काढलेल्या कणसांचा बारीक भुसा स्वस्तात मिळतो आणि तो ओल चांगली शोषतो. आहाराच्या अभ्यासात मात्र तो वापरू नये, कारण उंदीर तो खातात, आणि उपाशी ठेवल्यावर तर अधिकच खातात. लाकडाच्या पातळ ढलप्या किंवा कागदी भुसा वापरावा आणि सर्व गटांना एकाच पोत्यातला द्यावा. घरट्यासाठी शेतातला कापूस थेट आणून घालण्याचा मोह खानदेशात कोणालाही होईल, पण त्यावर फवारणीचे अवशेष असू शकतात आणि सुटे धागे पायांना गुंडाळून जखमा होतात. निर्जंतुक केलेल्या दाबीव कापसाच्या चकत्या किंवा साधा टिश्यू कागद पुरतो. घरटे काढून घेऊ नये. घरटे नसलेला उंदीर गारठतो, जास्त खातो, आणि तो आकडा औषधाच्या खात्यावर जमा होतो.

एकटा की सोबत?

प्रत्येक उंदराने किती खाल्ले हे कळायचे तर तो एकटा हवा. परंतु उंदीर कळपाने राहणारा प्राणी आहे आणि एकटेपणाने त्याच्या वागण्यात फरक पडतो. शिवाय रात्री एकमेकांना बिलगून झोपण्याची ऊब गेली की तो तेवढ्यासाठीच अधिक खातो. माझ्या मते प्रश्न केवळ ‘औषधाने भूक कमी होते का’ एवढाच असेल, तर दोन-दोन उंदीर एका पिंजऱ्यात ठेवून पिंजऱ्याचे एकत्रित खाणे मोजणे अधिक प्रामाणिक ठरते. तसे केल्यास सांख्यिकीत मोजणीचे एकक पिंजरा धरावे लागते, उंदीर नव्हे. सहा पिंजऱ्यांत बारा उंदीर असले, तरी नोंदी सहाच. बारा लिहिणे ही परीक्षकाच्या नजरेतून क्वचितच सुटणारी चूक आहे. एकेकटे ठेवणे अटळ असेल, तर मोजणीपूर्वी निदान ५ ते ७ दिवस त्या पिंजऱ्यात रुळू द्यावे आणि शेजारचे पिंजरे एकमेकांना दिसतील असे ठेवावेत.

उचलताना शेपटी धरू नये. कागदी किंवा प्लास्टिकच्या नळीत शिरू देऊन, अथवा दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर कमी भेदरलेले असतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले आहे. भेदरलेला उंदीर पुढचा तासभर तोंड लावत नाही आणि आपण नेमका तोच तास मोजत असतो.

मोजणी

०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा हवा आणि तो रोज प्रमाण वजनाने तपासलेला हवा. पंखा बंद करून, वातानुकूलनाचा झोत येणार नाही अशा जागी तो ठेवावा. खाद्याच्या गोळ्या, ज्यांना आपण सगळे पेलेट म्हणतो, त्या अखंड आणि सारख्या आकाराच्या निवडून घ्याव्यात. पिशवीच्या तळाचा चुरा वापरू नये. संपूर्ण प्रयोगाला पुरेल एवढे खाद्य एकाच उत्पादन गटातले घेऊन ठेवावे.

रोजचा क्रम असा ठेवावा. अंधार सुरू होण्यापूर्वी अर्धा तास उंदराचे वजन करावे, जाळीतले जुने खाद्य काढून मोजलेले नवे खाद्य भरावे आणि पाण्याच्या बाटलीच्या नळीवर बोट टेकवून थेंब येतो का ते पाहावे. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण नळीत हवेचा बुडबुडा अडकला किंवा बोअरच्या जड पाण्याचा क्षार साचला, की पाणी थांबते आणि पाणी न मिळालेला उंदीर कोरडे खाद्य खाणे सोडतो. ती बाटलीची नोंद असते, भुकेची नव्हे. उलट बाटली गळत असेल, तर खाली पडलेला चुरा भिजून जड होतो. खाद्य २५ ग्रॅमच्या आसपास भरावे. जाळी काठोकाठ भरली की मोठ्या वजनातून लहान वजाबाकी करावी लागते आणि चूक वाढते, आणि जेमतेम भरली तर पहाटे उंदीर उपाशी राहतो.

सकाळी खरे काम असते. उरलेल्या पेलेटचे वजन झाल्यावर पिंजऱ्यातला सगळा भुसा पांढऱ्या ट्रेमध्ये ओतावा, आधी जाड चाळणीने आणि मग बारीक चाळणीने चाळावा आणि चिमट्याने खाद्याचे कण वेचावेत. लेंड्या काळसर, तांदळाच्या दाण्याच्या आकाराच्या आणि टोकाला निमुळत्या असतात. खाद्याचे तुकडे फिकट, ओबडधोबड आणि बोटाने चुरगाळले की पीठ होणारे असतात. घरटे उलगडून पाहावे, कारण काही उंदीर आख्खा पेलेट ओढून नेऊन तेथे दडवतात. ओला चुरा वाळवूनच मोजावा. पहिल्या पिंजऱ्याला या कामासाठी पंधरा-वीस मिनिटे लागतात, आठवड्याभराने पाच. या कामाचा कंटाळा येतो आणि तो येणारच, पण त्याला पर्याय नाही. प्रत्येक वसाहतीत एक-दोन उंदीर असे निघतात की जे खातात कमी आणि किसतात जास्त. माझ्या पहिल्या प्रयोगात एक उंदीर रोज ९ ग्रॅम ‘खात’ होता आणि त्याचे वजन मात्र जागचे हलत नव्हते. भुसा चाळल्यावर त्याच्या ९ ग्रॅमचे कोडे सुटले: निम्म्याहून अधिक खाद्य पिठाच्या रूपाने खाली पडलेले होते. असे उंदीर प्रयोगापूर्वीच्या आठवड्यातच हेरून, गटवारी होण्याआधी वगळावेत. औषध दिल्यावर वगळणे म्हणजे निकाल हाताने बदलणे होय.

दुसरी दुरुस्ती हवेची. एका रिकाम्या पिंजऱ्यात तसाच भुसा, तशीच बाटली आणि तेवढेच मोजलेले खाद्य ठेवावे, फक्त उंदीर नसावा. मे महिन्यात या खाद्याचे वजन रात्रभरात घटते, आणि ऑगस्टमध्ये झडीच्या दिवसांत ते वाढलेलेही आढळते. एका उदाहरणाने हिशेब स्पष्ट होईल. सायंकाळी २५.०० ग्रॅम खाद्य भरले आणि सकाळी जाळीत १९.६२ ग्रॅम उरले. सरळ वजाबाकीने उंदराने ५.३८ ग्रॅम खाल्ले. भुशातून ०.७१ ग्रॅम चुरा निघाला, म्हणजे एकूण शिल्लक २०.३३ ग्रॅम. रिकाम्या पिंजऱ्यातले खाद्य रात्रीत ०.८ टक्क्याने हलके झाले असेल, तर या शिल्लक खाद्याचे मूळ वजन २०.३३ भागिले ०.९९२, म्हणजे सुमारे २०.४९ ग्रॅम होते. म्हणून खरे खाणे ४.५१ ग्रॅम. दोन आकड्यांतील फरक ०.८७ ग्रॅम, म्हणजे खऱ्या खाण्याच्या जवळपास १९ टक्के आहे. भूक कमी करणाऱ्या एखाद्या वनस्पतीच्या अर्काकडून आपण जेवढ्या परिणामाची अपेक्षा करतो, जवळपास तेवढाच.

औषध देण्यापूर्वी असे किमान ५ ते ७ दिवस मूळ पातळीच्या नोंदी घ्याव्यात. माद्यांचे ऋतुचक्र ४ ते ५ दिवसांचे असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत एक पूर्ण चक्र तरी या नोंदींत आलेच पाहिजे. इंजेक्शन द्यायचे असेल, तर सलग तीन दिवस त्याच वेळी नुसते सलाइन टोचून सवय करावी. २५ ग्रॅमच्या उंदराला पोटात टोचायचे द्रावण साधारण ०.२५ मिलिलिटरपर्यंत ठेवावे. औषध अंधारापूर्वी अर्धा तास देऊन १, २, ४ आणि २४ तासांनी नोंद घ्यावी. पहिल्या तीन नोंदींच्या वेळी भुसा चाळणे शक्य होत नाही, म्हणून चुरा झेलणारी उथळ वाटी जाळीच्या खाली बसवावी.

उपाशी ठेवण्याविषयी

‘रात्रभर उपाशी’ हा शब्दप्रयोग रॅटच्या आणि माणसाच्या प्रयोगांतून आपल्या वहीत आला आहे. उंदराच्या दृष्टीने रात्र हीच जेवणाची वेळ आहे, त्यामुळे सायंकाळी खाद्य काढून सकाळपर्यंत ठेवलेला उंदीर जवळजवळ संपूर्ण दिवसाच्या आहाराला मुकतो. त्याच्या वजनात १० टक्के किंवा त्याहून अधिक घट होऊ शकते, आणि थंड खोलीत तो शरीराचे तापमान उतरवून निपचित सुस्तीत जातो. अशा प्राण्याला सकाळी औषध देऊन ‘औषधाने खाणे कमी झाले’ असे म्हणणे धाडसाचे आहे. बहुतेक प्रश्नांसाठी उजेडाच्या शेवटच्या ४ ते ६ तासांत खाद्य काढून अंधार पडताच ते परत देणे पुरेसे होते. उंदीर त्या वेळी नैसर्गिकरीत्याच भुकेला असतो आणि पहिल्या तासात सगळे जवळपास एकदमच खायला लागतात, त्यामुळे नोंदीही कमी विखुरतात.

खाद्य काढताना पिंजराही बदलावा, नाहीतर उंदीर भुशातला चुरा आणि लेंड्या खाऊन वेळ काढतो. पाणी कधीही काढू नये. तारेच्या जाळीची फरशी लेंड्या खाण्याला आळा घालते हे खरे, पण ती पायांना दुखवते. काही तासांपलीकडे ती वापरू नये. वजन मूळच्या १५ टक्क्यांनी घटले की उंदराला प्रयोगातून काढून खाद्य द्यावे. अनेक समित्या २० टक्के ही शेवटची मर्यादा मानतात, पण तिथपर्यंत वाट पाहण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही.

जेवण कसे होते: घास, फेऱ्या आणि पोट भरणे

दिवसाचा एकूण आकडा सारखा असूनही खाण्याची तऱ्हा बदललेली असू शकते. एखादे औषध प्रत्येक जेवण लहान करते आणि उंदीर जेवणांची संख्या वाढवून भरपाई करतो. चोवीस तासांच्या बेरजेत त्याचा मागमूसही राहत नाही. यासाठी घासाघासाची वेळ नोंदवावी लागते. महागड्या स्वयंचलित पिंजऱ्यांव्यतिरिक्त आता एफईडी-३ सारखी, खुला आराखडा असलेली छोटी यंत्रे उपलब्ध आहेत. ती २० मिलिग्रॅमची एक-एक गोळी पुढे करतात आणि उंदराने ती उचलल्याची वेळ मेमरी कार्डावर लिहितात. बॅटरीवर चालत असल्यामुळे भारनियमनातही ती थांबत नाहीत. मात्र यंत्राच्या आकड्यालाही पहिल्या परिच्छेदातला आक्षेप लागू पडतो. गोळी उचलली गेली एवढेच यंत्राला ठाऊक असते. गोळ्या साठवणारा उंदीर त्याला सहज फसवतो. म्हणून सकाळी घरट्यातल्या गोळ्या मोजून त्या वजा कराव्यात. दोन घासांमध्ये ५ ते १० मिनिटांची खंड पडली, तर एक जेवण संपले असे सामान्यतः मानतात. यांतली कोणतीही मर्यादा घ्यावी, पण ती आकडेवारी पाहण्यापूर्वी ठरवून वहीत लिहून ठेवावी.

कमी खाणे म्हणजे पोट भरणे नव्हे. मळमळणारा, गुंगीत असलेला, पोटात दुखणारा उंदीरही कमी खातो. उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे त्याची मळमळ बाहेरून दिसत नाही. पोट भरलेला प्राणी ठरावीक क्रमाने वागतो. आधी तो खातो, मग थोडा फिरतो आणि स्वतःचे अंग चाटून स्वच्छ करतो, आणि शेवटी स्वस्थ झोपतो. हा क्रम १९७५ साली रॅटमध्ये वर्णिला गेला आणि उंदरातही तो दिसतो. खऱ्या तृप्तीने खाणे कमी झाले, तर क्रम तोच राहतो, फक्त तो लवकर पूर्ण होतो. आजाराने कमी झाले, तर मधली पायरी गळते किंवा उंदीर खाण्याआधीच कोपऱ्यात अंग चोरून बसतो. अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्याने अंधाराच्या पहिल्या तासाचे चित्रण करावे आणि दर ३० सेकंदांनी उंदीर काय करीत आहे, म्हणजे खाणे, पिणे, अंग चाटणे, मागच्या पायांवर उभे राहणे, फिरणे की स्वस्थ असणे, याची खूण करावी. त्यासाठी बोरिस हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. दोघांनी स्वतंत्रपणे खुणा करून त्या किती जुळतात ते तपासावे, आणि दोघांनाही गट ठाऊक नसावा.

शंका तरीही उरली, तर चवीच्या तिटकाऱ्याची चाचणी करावी. उंदराला सॅकरिनचे गोड पाणी प्रथमच देऊन लगेच औषध टोचायचे आणि दोन दिवसांनी साधे पाणी व सॅकरिनचे पाणी समोरासमोर ठेवायचे. ज्या औषधाने मळमळ झाली असेल त्याच्या आठवणीने उंदीर सॅकरिन टाळतो. तुलनेसाठी मळमळ हमखास घडवणारे लिथियम क्लोराइड दिलेला गट ठेवतात.

पिंजऱ्याकडे निवांत पाहत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे असे कोणी म्हटले, तर मी त्याला १९४९ सालची गोष्ट सांगतो. अमेरिकेतील मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर भावंडांच्या मानाने विलक्षण जाड होत असल्याचे लक्षात आले. त्यांच्यात नेमका कोणता जनुक बिघडला आहे हे जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली शोधले आणि चरबीतून मेंदूला निरोप देणारे लेप्टिन हे संप्रेरक त्यातून हाती आले.

आवडनिवड: केळीच्या पिठाचे उदाहरण

जळगाव जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला कच्च्या केळीच्या पिठावर काम करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. समजा, पीठ मिसळलेले खाद्य उंदीर किती खातात हे पाहायचे आहे. येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि विद्यार्थी त्यांची नेहमी गल्लत करतात. दोन्ही खाद्ये समोर असताना कोणते जास्त खाल्ले जाते, ही आवड; एकच खाद्य मिळत असताना ते किती खाल्ले जाते, हा आहार. आवडीच्या चाचणीत न आवडलेले खाद्य, दुसरा पर्याय नसल्यास, उंदीर पोटभर खातो.

उंदीर नव्या अन्नाला बिचकतो, म्हणून दोन्ही खाद्ये मोजणीपूर्वी तीन-चार दिवस थोडी थोडी देऊन ओळख करून द्यावी. पिंजऱ्यात दोन जाळ्या ठेवाव्यात आणि त्यांच्या बाजू रोज बदलाव्यात, कारण पुष्कळ उंदरांची एक बाजू लाडकी असते. दोन्ही पेलेट सारखेच कडक असले पाहिजेत. पिठाने पेलेट ठिसूळ झाला, तर चुरा वाढेल आणि ‘केळीचे खाद्य जास्त आवडले’ असा खोटा निष्कर्ष निघेल. म्हणून नियंत्रण खाद्यसुद्धा दळून, त्याच यंत्रातून पुन्हा पेलेट पाडून, त्याच भट्टीत वाळवावे. एका विद्यार्थिनीने कळण्याच्या भाकरीवर असाच प्रयोग करण्याची इच्छा व्यक्त केली होती. विषय चांगला होता. परंतु ताज्या भाकरीतले पाणी तासातासाला उडते, त्यामुळे भाकरी वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, दळून, पेलेट करूनच वापरावी लागेल असे सांगितल्यावर ‘मग ती भाकरी कुठे राहिली, सर?’ असे तिने विचारले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

स्निग्ध आहार वापरताना ग्रॅमची तुलना निरर्थक ठरते. साध्या खाद्यात ग्रॅममागे सुमारे ३.२ किलोकॅलरी असतील आणि ६० टक्के ऊर्जा स्निग्धांतून देणाऱ्या खाद्यात ५.२४, तर ४ ग्रॅम साधे खाणारा उंदीर १२.८ किलोकॅलरी घेतो आणि २.७ ग्रॅम स्निग्ध खाणारा १४.१. ग्रॅममध्ये दुसऱ्याने कमी खाल्ले, ऊर्जेत जास्त. हे खाद्य आपल्या उन्हाळ्यात मऊ पडते आणि खवट होते. ते गोठवून साठवावे आणि जाळीतले दोन-तीन दिवसांनी बदलावे.

हिशेब आणि लेखन

उंदरांची संख्या मूळ पातळीच्या नोंदींवरून ठरवावी. उंदराउंदरांतला प्रमाण विचलनाचा, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती विखुरतात याचा, आकडा ०.४ ग्रॅम असेल आणि ०.५ ग्रॅमचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १२ उंदीर लागतात. चुरा वेचून आणि हवेची दुरुस्ती करून तेच विचलन ०.३ वर आणले, तर ७ ते ८ पुरतात. प्रत्येक उंदराला औषध आणि सलाइन दोन्ही, मध्ये पुरेसे दिवस सोडून, आळीपाळीने दिल्यास ही संख्या आणखी कमी होते. कुपीवर औषधाचे नाव न घालता सहकाऱ्याकडून अ, ब, क अशी अक्षरे घालून घ्यावीत आणि कोणते अक्षर कोणत्या औषधाचे याची यादी हिशेब पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडेच ठेवावी.

एकाच उंदराच्या १, २, ४ आणि २४ तासांच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. त्यांना पुनरावृत्त मापनाची पद्धत लावावी, प्रत्येक तासाला वेगळी टी-चाचणी नव्हे. खाणे भागिले शरीराचे वजन असा भागाकार करून तुलना करण्याची आपल्याकडे रूढ असलेली पद्धत जाड उंदरांना अकारण कमी खाणारे ठरवते. खाणे जसे आहे तसे द्यावे आणि वजन सहचल म्हणून, म्हणजे खाण्यावर परिणाम करणारा वेगळा घटक म्हणून, विश्लेषणात घ्यावे.

कार्यपद्धतीच्या प्रकरणात उंदराची जात, लिंग, वय, पिंजऱ्यातील संख्या, भुशाचा प्रकार, घरट्याचे साहित्य, प्रत्यक्ष नोंदलेले कमाल व किमान तापमान, दिवे लागण्याची व विझण्याची वेळ, खाद्याची प्रति ग्रॅम ऊर्जा, चुरा कसा मोजला, आणि कोणते उंदीर कोणत्या कारणाने वगळले, हे सर्व लिहावे. प्राण्यांवरील प्रयोगांच्या लेखनासाठी असलेली, २०२० मध्ये सुधारलेली अराईव्ह मार्गदर्शक तत्त्वे बहुतांशी हेच मागतात. रोजच्या नोंदींचा मूळ तक्ता परिशिष्टात जोडावा आणि रिकाम्या पिंजऱ्यातील खाद्याचे वजनही त्याच तक्त्यात, तारीखवार, शेवटच्या रकान्यात द्यावे.